सुरीचा ठेका

फरसबी चिरता चिरता तिचं लक्ष सहज स्वयंपाकघराच्या दारातून बाहेरच्या टेबलाकडे गेलं आणि ती दचकली. तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. रोजची सकाळ, खिडकीतून आलेलं पांढरट ऊन, वर्तमानपत्र पसरून बसलेला नवरा आणि त्याचा उजवा हात. गेले कित्येक महिने थरथरतो तसा आत्ताही तो टेबलाच्या कडेवर थरथरत होता. या हाताची घराला सवय झाली होती. कपात चहा अर्धाच ओतायचा, शर्टाची बटणं तिने लावून द्यायची, सही करायची वेळ आली की दोघांनी दुसरीकडे बघायचं. पण आज पहिल्यांदाच तिला दिसलं की फळीवर सुरी जशी पडतेय, टक् टक् टक्, अगदी तसाच तो हात हलतोय. सुरी खाली, बोटं खाली. सुरी वर, बोटं वर. तिने मान खाली घातली, आणखी थोड्या शेंगा चिरल्या, पुन्हा चोरून बघितलं. तेच. तिने सुरी एकदम थांबवली. सुरीचा आवाज बंद झाला तसं त्याने वर पाहिलं, हाताने टेबलाची कड धरली, आणि हातही थांबला. लगेच पुन्हा सुरू झाला म्हणा, पण तिच्या धंद्यातल्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं.

"काय गं, बोट कापलं की काय?"

"नाही रे. शेंग किडकी निघाली."

किडकी शेंग वगैरे काही नव्हती. तिने चांगली शेंग उचलून केराच्या डब्यात टाकली, आणि टाकताना आपला चेहरा कसा दिसत असेल याचा विचार केला.

तिचा धंदा म्हणजे सोंग ओळखणं. कोर्ट माणसं पाठवायचं आणि ही माणसं आपापला आजार घेऊन तिच्यासमोर बसायची. कुणाला काही आठवत नसे, कुणाला भिंतीतून आवाज येत, कुणाची वाचा गेलेली असे, कुणाचा पाय लुळा पडलेला असे, आणि हे सगळं नेमकं गुन्हा घडल्यापासून. त्यातलं खरं किती आणि खोटं किती एवढंच तिने सांगायचं. खरा वेडा आपलं वेड लपवतो आणि खोटा ते दुकान मांडल्यासारखं मांडतो, हे ती नव्याने आलेल्या पोरांना हसत हसत शिकवायची. थरथरणाऱ्या हाताची चाचणी तर इतकी साधी होती की नवशिक्यांचा विश्वासच बसत नसे. समोरच्याला म्हणायचं, मी बोटाने टेबलावर ठेका धरते, तुम्ही दुसऱ्या हाताने तसाच वाजवा. खरा कंप आपल्या चालीने चालत राहतो, त्याला ठेक्याशी देणंघेणं नसतं. सोंगाड्याला मात्र एका वेळी दोन ठेके सांभाळता येत नाहीत, आणि बघता बघता त्याचा थरथरता हात चांगल्या हाताच्या नादी लागतो. ठेका तेवढा हाताच्या चालीपेक्षा वेगळा धरायचा, मुद्दाम वेगळा, असं तिला हे काम शिकवणाऱ्या थोरल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. नाहीतर बाई, कोण कुणाच्या मागे जातंय ते कळायचं नाही. ठेक्याला लागणारा प्रत्येक हात खोटारडाच असतो असंही नाही, कधी कधी मनच शरीराला गंडवतं आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो, हेही ते सांगायचे. पण ते वर्गात. कोर्टात विचारतात ते सोंग आहे की नाही एवढंच, आणि उत्तर एका शब्दात हवं असतं.

नवरा कवळ्या बनवायचा. एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत प्लॅस्टरच्या भुकटीत बसून, गुलाबी मेणात एकेक दात बसवत. लग्नाच्या दिवशी त्याच्या थोरल्या भावाने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, काय जोडा जमलाय, नवरा खोटे दात घडवणार आणि बायको खोटं पकडणार, यांच्या घरात खरं बोलायला सवडच मिळायची नाही. सगळे पोट धरून हसले होते. तीही हसली होती. आज बसच्या खांबाला धरून उभं असताना तिला ते हसू आठवलं आणि नको झालं. त्याचा हात कसला सुरेख होता. दाताच्या टोकाला तो जाणूनबुजून बारीकसा टवका पाडायचा, कडेला किंचित पिवळी छटा द्यायचा, आणि म्हणायचा, फार चांगला दिसला की खोटा वाटतो बघ. हे वाक्य तिने नंतर आपल्या व्याख्यानात वापरलं होतं. आता ते उलटून अंगावर आलं. त्याचा कंपही फार चांगला नाही. कधी जास्त, कधी कमी. पाहुणे आले की थोडा जास्त. झोपेत अजिबात नाही. डॉक्टरांपैकी एक म्हणतो नसेचं असेल, दुसरा म्हणतो काळजीचं असेल, आणि तपासण्यांत काही म्हणजे काही निघत नाही.

फायदा कुणाचा, हा थोरल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न असायचा. बसमध्ये तिने तोच स्वतःला विचारला आणि उत्तर जणू तयारच बसलं होतं. दुसऱ्या शहरातली मोठी जागा तिला देऊ केली होती. अख्खा विभाग तिच्या हाताखाली येणार होता, ती एकटी जाणार होती, सुट्टीला येऊन जाऊन राहणार होती. तो म्हणाला होता, जा ना, मी काय लहान आहे? आणि तिची बॅग अजून माळ्यावरून खालीसुद्धा आली नव्हती तोच त्याच्या हातातून मेणाचा साचा निसटला. मग ती गेली नाही. तिने जायचं नाही असं कुणी तिला म्हटलं नव्हतं, हेच तर त्यातलं कसब. बसमध्ये कुणीतरी तिला बसायला जागा दिली, तिच्या ते लक्षातच आलं नाही.

तुरुंगातली ती खोली तिला घराइतकीच पाठ होती. हिरव्या रंगाचे पोपडे, जमिनीत बोल्टने जखडलेलं टेबल, उंचावर जाळीची खिडकी, आणि फिनेलच्या वासाखाली दबलेला माणसांचा जुना वास. पहारेकऱ्याने क्रेनवाल्याला आणून बसवलं. एका अर्धवट इमारतीवर हा माणूस क्रेन चालवायचा. सळयांची मोळी वर चाललेली असताना सुटली आणि खाली उभा असलेला एक मजूर जागच्या जागी गेला. सकाळीच त्या मजुराशी त्याचं कडाक्याचं भांडण झालेलं, साक्षीदार ढीगभर. पोलीस म्हणत होते, मुद्दाम सोडली. हा म्हणत होता, हात थरथरला, खटका निसटला, हात आधीपासूनच थरथरतो, मुकादमाला सांगितलं होतं. मुकादम म्हणत होता, मला कुणी काही सांगितलं नाही. तेव्हा सगळं त्या हातावर आलं होतं. थरथर खरी तर अपघात, खोटी तर खून. मागच्या बैठकीत तिने टेबलावर ठेका धरला, त्याच्या डाव्या हाताने तो उचलला आणि उजवा निमूटपणे त्यामागे गेला. मग त्याने मान्यही केलं होतं. आज फक्त शेवटचं बोलणं आणि अहवालावर तिची सही. उद्या सुनावणी होती.

ती त्याच्या समोर बसली नाही, शेजारी बसली. हीच तिची पद्धत होती आणि तिला तिचा अभिमान होता. आवाज चढवायचा नाही, दरडावायचं नाही. पाण्याचा पेला पुढे करायचा. मग गप्प बसायचं, समोरच्याला ती शांतता जड होईपर्यंत. आणि मग त्याच्या हातात त्याचीच सबब ठेवायची, मऊ करून, दुमडून, धुतलेल्या रुमालासारखी. तुमच्या जागी कुणीही हेच केलं असतं. माणसं हमखास कबुली द्यायची. काही तर तिचे आभार मानायची. तिच्या अहवालांत शेवटी ते वाक्य असायचंच, आरोपीने स्वतः मान्य केले, आणि न्यायाधीश त्या वाक्याशी येऊन थांबायचे.

"मागच्या वेळी बोललात, ते तसंच आहे ना?" तिने विचारलं.

"हो मॅडम." तो टेबलाकडे बघत होता. "तुम्ही म्हणता तसंच."

"मी म्हणते म्हणून नका सांगू. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? इतके दिवस सांगून सांगून थकलो. तुम्ही शांतपणे विचारलंत, घरच्यासारखं. तुम्हाला कशाला खोटं पाडू?" मग जरा थांबून म्हणाला, "आता तरी झोपू देतील ना मला?"

दुसऱ्या एखाद्या दिवशी हे शेवटचं वाक्य तिच्या कानाला टोचलं असतं. आज टोचलं नाही. आज तिला त्या माणसाच्या जागी टेबलाच्या कडेवरचा दुसराच हात दिसत होता. खात्रीसाठी तिने पुन्हा एकदा बोटाने ठेका धरला, बोटाला आला तो, आणि क्रेनवाल्याचा हात पुन्हा त्यात बरोबर येऊन बसला. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली. घरी दिसलं ते खरं होतं तर. आपली नजर मेलेली नाही.

लहानपणी हाच आनंद तिला पहिल्यांदा झाला होता, आणि तो चोरीचा होता. वडिलांकडची माणसं यायची असली की आई डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायची. ही दारात उभी राहून आईच्या पापण्या बघायची. झोपलेल्या माणसाच्या पापण्या सैल असतात, आईच्या घट्ट असायच्या. एकदा आईने एक डोळा उघडला, तिला दारात पाहिलं आणि हळूच म्हणाली, कळतं ना तुला सगळं? मग सांगू नकोस हं कुणाला. तिने सांगितलं नाही. पण आपल्याला कळतं, एवढी मोठी बाईसुद्धा आपल्यापासून लपू शकत नाही, या जाणिवेने तिच्या अंगावर जे रोमांच उठले ते ती जन्मभर विसरली नाही. पुढे त्याचीच नोकरी झाली. आणि पुष्कळ वर्षांनी आई दवाखान्यात शेवटची पडून होती तेव्हा घाईघाईने आत शिरल्यावर तिने आधी आईच्या पापण्या बघितल्या होत्या, आणि मग तिचा हात हातात घेतला होता. हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं, नवऱ्याला सुद्धा नाही.

कचेरीत टंकलेखक बाईंनी अहवाल पुढे ठेवला. ती पानं चाळत असताना बाई हसून म्हणाल्या, "मॅडम, तुमचं बोट बघा. हल्ली सारखं टेबलावर चालू असतं. पूर्वी नव्हती हो ही सवय." तिने बोट मुठीत घेतलं, तीही हसली आणि सही केली. अहवाल लिफाफ्यात घालून बंद झाला, शिपाई तो कोर्टात घेऊन गेला. परतीच्या वाटेवर तिला रस्त्यातला प्रत्येक माणूस काहीतरी लपवतोय असं वाटत राहिलं. लंगडणारा म्हातारा, कपाळ दाबून धरलेली दुकानातली मुलगी, आईच्या खांद्यावर मान टाकलेलं पोर. एरवी अशा वेळी तिला मनातल्या मनात गंमत वाटायची, आज वाटली नाही. आपण त्याच्याशी भांडणार आहोत असं तिला वाटत होतं. पण घराचा दरवाजा उघडला तेव्हा तिचा आवाज आपोआप तसाच आला, खालच्या पट्टीतला, मऊ.

तो संध्याकाळच्या उजेडात टेबलाशी बसला होता. तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला. समोरची खुर्ची सोडून ती शेजारच्या खुर्चीवर बसली आणि गप्प राहिली. शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला, बंद केला. त्याने पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. इतक्या वर्षांत जेवताना, फिरताना, झोपेच्या आधी तिने त्याला आपल्या सगळ्या केसेस सांगितल्या होत्या. कोण कसा फुटला, कुठल्या क्षणाला फुटला, सगळं.

"आज समोर नाही बसलीस," तो म्हणाला.

तिने पेला आणखी थोडा त्याच्याकडे सरकवला.

"पाणीसुद्धा आणलंस." त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. ते काय होतं हे ओळखणं तिच्या डाव्या हातचा मळ, पण त्या वेळी ती फक्त त्याचा हात बघत होती. "किती दिवसांपासून वाटतंय तुला असं?"

"मी रागावलेली नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही. मी जाणार म्हटल्यावर तुला भीती वाटली. एकटा पडशील असं वाटलं. कुणालाही वाटलं असतं रे. कुणीही हेच केलं असतं."

तिला ऐकू येत होतं की हे वाक्य तुरुंगातल्या त्या खोलीतलंच आहे. शब्द न् शब्द घडीचा. दमलेलं माणूस घराच्या पायरीशी बसावं तशी त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर टेकली होती.

"तू म्हणतेस तसंच," तो शेवटी म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे मीच करत होतो. तू जाऊ नयेस म्हणून." त्याने पेला उचलला नाही. "आता हलकं वाटतंय ना तुला?"

तिला खरोखरच हलकं वाटलं. छातीवरचा दगड कुणीतरी उचलावा तसं. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि त्याने डाव्या हाताने तिचे केस थोपटले. हलकं त्याला वाटायला हवं होतं, आपल्याला नाही, हे तिच्या लक्षात आलं ते नंतर, जेवताना. जेवणभर तो भराभर बोलत होता. उद्यापासून कामावर जातो म्हणाला. मालकाला काय सांगायचं ते बघू म्हणाला. तिलाही म्हणाला, त्या जागेचं पुन्हा विचारून बघ, अजून कुणाला घेतलं नसेल. डाव्या हाताने तो जेवत होता. उजवा कुठे आहे म्हणून तिने सहज बघितलं, तर तो त्याने मांडीखाली दाबून धरला होता. अंगाचा सगळा भार त्यावर टाकून तो एका बाजूला कलून बसला होता, आणि त्याचा उजवा खांदा, शर्टाच्या शिवणीपाशी, बारीक बारीक हलत होता. तो तिच्याकडे बघून हसला.

"बघ, थांबला की नाही?"

"हो," ती म्हणाली.

ती उठून स्वयंपाकघरात आली. उद्याच्या डब्यासाठी गाजरं चिरायची होती, निदान तसं तिने त्याला सांगितलं. भिंतीपलीकडे तो टेबल आवरत असावा. तिने सुरी घेतली आणि चिरायला लागली, टक् टक् टक्, आणि पलीकडे बशीत चमचा वाजायला लागला. बारीक, नेमका, सुरीच्या बरोबरीने. सकाळचंच सगळं पुन्हा. मग थोरल्या डॉक्टरांचं ते बजावणं इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिला नीट ऐकू आलं, आणि तिने ठेका बदलला. मुद्दाम. सावकाश, भिंतीवरच्या घड्याळासारखा, एक, मग थांबून एक. पलीकडचा चमचा बदलला नाही. त्याला हिच्या सुरीचं काही पडलेलंच नव्हतं, तो आपल्या चालीने वाजत राहिला. तिने दात आवळून तो संथ ठेका धरून ठेवायचा प्रयत्न केला. थोडा वेळ धरला. आणि मग तिच्या डोळ्यांदेखत तिचा स्वतःचा हात निसटला, सुरी भराभर पडू लागली आणि निमूटपणे जाऊन चमच्याच्या बरोबरीने चालू लागली.

म्हणजे हात सुरीच्या मागे कधी गेलाच नव्हता. सुरीच हाताच्या मागे जात होती, कोण जाणे किती महिने. त्या हाताशेजारी जेवून, झोपून, बटणं लावून तिचं सगळं अंग त्याच्या चालीला लागलं होतं, आणि तिला पत्ता नव्हता. सकाळी हात थांबला कारण त्याने टेबलाची कड धरली होती. ती कड तिला दिसली होती, आत्ता डोळ्यांपुढे स्वच्छ दिसत होती, पण सकाळी तिने ती जमेतच धरली नाही. आणि तुरुंगातलं टेबल? तिथे कुठला ठेका धरला होता आपण? बोटाला आला तो. थरथरणाऱ्या हाताकडे टक लावून बघता बघता बोटाला दुसरा कुठला ठेका येणार होता? गाजराच्या चकत्या फळीवरून घरंगळून ओट्याच्या कडेला गेल्या, एकदोन खाली पडल्या. उद्या तिला कोर्टात उभं करतील. वकील विचारेल, आरोपीने हे स्वतः मान्य केलं का? कुणी जबरदस्ती केली का? मारलं का? आणि तिची सगळी उत्तरं खरी असतील. त्याने स्वतः मान्य केलं. कुणी बोट लावलं नाही. मी त्याच्या शेजारी बसले होते, मी त्याला पाणी दिलं होतं. आजवर किती जणांना पाणी दिलं ते आठवायचा तिने प्रयत्न केला. चेहरे येईनात, नुसते हात येत राहिले, टेबलावर ठेवलेले.

तिने सुरी खाली ठेवली. घर शांत झालं आणि त्या शांततेत चमचा एकटाच वाजत राहिला. मग त्यालाही ते कळलं असावं. खुर्ची करकरली, बशी घाईने कुठेतरी दाबली गेली, आणि पलीकडून त्याचा आवाज आला, हसरा, बेफिकीर, फार चांगला जमलेला.

"मीच वाजवतोय गं. गंमत म्हणून."

तिने ओट्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"हो," ती म्हणाली, "कळलं मला."